लोह जमिनीत भरपूर, तरी मोसंबी पिवळी: अंबड तालुक्यातल्या एका बागेचं प्रकरण

बाग अंबड तालुक्यातली, कालव्याच्या वरच्या अंगाची. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी इथवर चढत नाही. सगळी भिस्त बोअरवर आणि एका जुन्या विहिरीवर. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या, त्यात या रानातली आधीची बागही गेली. बागमालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी पुन्हा धीर करून रंगपूर लिंबाच्या खुंटावरची न्यूसेलर जातीची मोसंबी लावली आणि उन्हाळ्यात टँकर आणून जगवली. झाडं फळावर आली आणि पिवळी पडू लागली. आधी वरच्या, माळाकडच्या तुकड्यातली, मग उताराने खाली सरकत निम्मी बाग.

अण्णांचा मुलगा बारावीला माझ्याकडे रसायनशास्त्र शिकत होता. एक दिवस तो वहीत दाबलेली पानं घेऊन आला आणि "सर, हे काय असंल?" म्हणाला. तिथून मी या बागेशी जोडला गेलो आणि पुढचे बहार जवळून पाहिले. सविस्तर लिहितोय ते अशासाठी की या बागेचं सगळं दुखणं शेवटी एका इलेक्ट्रॉनवर येऊन थांबलं. अणूचा आयन, म्हणजे भार असलेला कण, कसा होतो हे शाळेत आपण मिठाच्या आकृतीवर शिकतो आणि पेपर झाला की विसरतो. इथे तोच धडा एका घराच्या उत्पन्नाचा प्रश्न होऊन बसला होता.

आधी पानाबद्दल, कारण निदानाची सुरुवात तिथेच होते. झाडाची खालची, जून पानं गर्द हिरवी होती. पिवळी होती ती शेंड्याची, नव्या नवतीची. पान उजेडाकडे धरलं की शिरांचं हिरवं जाळं ठसठशीत दिसायचं आणि दोन शिरांमधला भाग फिकट पिवळा. फार दुखावलेल्या फांद्यांवर शिरांचाही रंग उतरलेला, पान जवळपास पांढरं, कडा करपलेल्या आणि फांदी टोकाकडून वाळत खाली येणारी. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. मॅग्नेशियमचंही तसंच. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून सहसा हलत नाही, म्हणून त्याची टंचाई नवतीवर उमटते. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतं, तिथे मध्यभागी मॅग्नेशियम असतं. पण ते हरितद्रव्य तयार करायला लोह लागतं. लक्षणं लोहाकडेच बोट दाखवत होती.

हे अण्णांना कळलं नव्हतं असं नाही. युरिया झाला होता, झिंकची फवारणी झाली होती, दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण आणून झालं होतं. लोह कमी आहे असं कुणी सांगितल्यावर त्यांनी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पोत्याने आणलं, प्रत्येक झाडाच्या आळ्यात टाकलं आणि वर पाणी सोडलं. फरक शून्य. "लोखंड कमी म्हणता, मी तर लोखंडच टाकलं. मग कामून झाड उचलंना?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचं उत्तर खतांच्या तक्त्यात सापडणारं नव्हतं.

माती परीक्षणाचा कागद आला. सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना म्हणजे चुनखडी १२ टक्के, डीटीपीएच्या द्रावणाने निघणारं, म्हणजे झाडाला मिळू शकणारं लोह किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच खाली. मोसंबीला मुक्त चुना दहा टक्क्यांच्या आत असावा असं धरतात, तेव्हा हे रान मुळात मर्यादेबाहेरचंच. सामूचा आकडाही बोलका आहे. चुनखडी, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल साधारण ८.३ लाच बसतो. म्हणजे या मातीत सामू ठरवण्याचं काम चुनखडीकडे आहे, आणि ती आपला आकडा सहजासहजी सोडणार नाही. वरच्या तुकड्यातलं ढेकूळ घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तर ते जोरात फसफसलं. खालच्या तुकड्यातलं ढेकूळ जेमतेम कुजबुजलं. पिवळेपणाचा नकाशा आणि फसफसण्याचा नकाशा एकच होता.

आता "लोह कमी" याचा अर्थ पाहू. मराठवाड्याची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली, आणि बेसॉल्टमध्ये लोह भरपूर. एका एकरात वरची १५ सेंटिमीटर माती साधारण साडेआठ लाख किलो भरते. त्यात लोह पाच टक्के धरलं तर एकरात चाळीस टनांच्या वर लोखंड आधीच पडून आहे. हिराकसच्या ५० किलोच्या पोत्याने त्यात भर पडते दहा किलोच्या आसपास. तेव्हा लोह किती आहे हा प्रश्न इथे निरर्थक ठरतो. विचारायचं असतं ते लोहावर भार किती आहे हे.

लोहाच्या अणूच्या केंद्रात २६ प्रोटॉन असतात आणि भोवती २६ इलेक्ट्रॉन, २, ८, १४, २ अशा मांडणीत. धन आणि ऋण बरोबरीत, म्हणून अणू उदासीन. यातले सर्वांत बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेले की उरतात २४. केंद्रातले प्रोटॉन मात्र २६ चे २६. त्यांना कुठलीच रासायनिक क्रिया हात लावू शकत नाही. बाकी काढली की दोन धनभार शिल्लक. हा फेरस आयन. आतल्या चौदातला आणखी एक गेला की इलेक्ट्रॉन २३ आणि धनभार तीन. हा फेरिक आयन. वर्गात मी एका गोष्टीवर मुद्दाम थांबतो: धनभार बाहेरून कुठून येत नाही. तो केंद्रात पहिल्यापासून होताच, त्याला तोलून धरणारे इलेक्ट्रॉन कमी झाले म्हणून तो बाहेर जाणवू लागला. क्लोरीनचं याच्या उलट. १७ प्रोटॉनच्या या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की १८ होतात आणि एक ऋणभार उरतो.

अणूला बाहेरची कक्षा आठने पूर्ण करायची "इच्छा" असते, म्हणून तो इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, असं आपण मुलांना सांगतो. सोडियम-क्लोरीनपुरतं ते चालून जातं. लोहापाशी आलं की चालत नाही, कारण २४ इलेक्ट्रॉन असोत की २३, अष्टकाशी त्यांचा मेळ बसत नाही. मला वाटतं इच्छेऐवजी किमतीचा हिशेब शिकवावा. इलेक्ट्रॉन ओढून काढायला ऊर्जा लागतेच, कुठलाच अणू तो फुकट सोडत नाही. वायुरूप सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला एकदम ४५६२. म्हणून सोडियम एकावर थांबतो. लोहाचा पहिला ७६२, दुसरा १५६२, तिसरा २९५७. तिसरा महाग आहे, पण आवाक्याबाहेर नाही. ही किंमत कुणीतरी चुकती करावी लागते: आयनाभोवती दाटीवाटीने जमणारे पाण्याचे रेणू, शेजारी येऊन बसणारे ऋण आयन, किंवा सुटलेला इलेक्ट्रॉन स्वतःकडे घेणारा ऑक्सिजन. म्हणून लोह दोनवर थांबेल की तीनवर जाईल हे एकट्या लोहावर ठरत नाही, ते जिथे आहे तिथल्या पाण्यावर, हवेवर आणि सामूवर ठरतं.

हिराकसच्या हिरवट खड्यात लोह आधीच दोन धनभारांचं असतं, सल्फेट दोन ऋणभारांचं. पाण्यात विरघळताना नवे आयन तयार होत नाहीत, आधीचेच एकमेकांपासून सुटे होतात. क्षार पाण्यात असे आयनांत विभागलेले असतात हे स्वांते अऱ्हेनियसने १८८४ च्या आपल्या प्रबंधात मांडलं. तेव्हा ते फारसं कुणाला पटलं नाही. १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. तर अण्णांनी आळ्यात टाकलेलं लोह योग्य रूपातच होतं. पुढे त्याचं काय झालं?

हे दाखवायला दोन बाटल्या पुरल्या. दोन्हींत चमचाभर हिराकस. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पत्र्यावरून धरून ठेवलेलं पावसाचं पाणी आणि त्यात अर्धं लिंबू पिळलेलं. पावसाच्या पाण्यातला खडा विरघळला आणि पाणी फिकट हिरवट, स्वच्छ राहिलं. बोअरच्या पाण्यात खडा विरघळता विरघळताच गढूळपणा आला, मळकट हिरवा. मग वरच्या बाजूने, जिथे पाण्याला हवा लागत होती तिथून, तांबूस रंग खाली उतरू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी विटकरी गाळ बसलेला आणि वरचं पाणी जवळपास बिनरंगी. अण्णांनी बाटली हलवली, गाळ उठला, पुन्हा बसला. "म्हणजे माझी पोती अशी तळाला बसली," ते म्हणाले.

तसंच झालं होतं. ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊ शकतो, म्हणजे चार फेरस आयनांचा प्रत्येकी एक. आम्लधर्मी पाण्यात ही देवघेव फार सावकाश चालते, पण सामू एका अंकाने वाढला की तिचा वेग सुमारे शंभरपट होतो. ८.३ सामूच्या ओल्या मातीत फेरस काही मिनिटांचा सोबती. एक इलेक्ट्रॉन गेला की तो फेरिक होतो. फेरिक आयन आकाराने लहान आणि भाराने मोठा, त्यामुळे आसपासच्या हायड्रॉक्साइड आयनांना घट्ट धरतो आणि न विरघळणारा गाळ होऊन बसतो. फेरिकची विद्राव्यता सामूच्या दर अंकामागे हजारपटीने घटते. सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान मातीतलं विद्राव्य लोह नीचांकाला असतं, आणि ही बाग नेमकी तिथे उभी आहे. चाळीस टन लोखंड आहे ते या रूपात.

मग चुनखडीच्या रानात काही झाडं हिरवी राहतातच कशी? कारण मूळ गप्प बसत नाही. लोहाची टंचाई जाणवली की मोसंबीचं मूळ आपल्या भोवती हायड्रोजन आयन सोडतं आणि तेवढ्यापुरता सामू खाली आणतं. मुळाच्या पेशीच्या आवरणात एक विकर (एन्झाइम) असतं. ते बाहेरच्या फेरिकला एक इलेक्ट्रॉन परत देऊन त्याचं फेरस करतं, आणि फेरस झालेलं लोहच आत घेतलं जातं. ऑक्सिजनने जो इलेक्ट्रॉन काढून नेला, तो झाड स्वतःच्या कमाईतून भरून देतं. मला हे फार विलक्षण वाटतं. गहू, मका, ज्वारी ही गवतकुळातली पिकं वेगळ्या वाटेने जातात: लोहाला पकडून धरणारे पदार्थ मुळातून सोडतात आणि फेरिकच आत ओढतात. मोसंबीकडे ती सोय नाही.

तिची वाट अडवत होतं बायकार्बोनेट. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल होतं. त्यातला एक हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून सुटतो आणि उरलेल्या भागावर एक ऋणभार राहतो, हाच बायकार्बोनेट आयन. हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन, तो मागे राहिला की सुटतो तो नुसता प्रोटॉन. असं पाणी चुनखडीतून झिरपताना कॅल्शियम आणि आणखी बायकार्बोनेट घेऊन बोअरला येतं. अण्णांच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे, खरखरीत खडे धरले होते ते त्याचंच लक्षण. मुळाने मेहनतीने सोडलेला प्रत्येक हायड्रोजन आयन हे बायकार्बोनेट तिथल्या तिथे गिळतं. पाणी जास्त झालं, माती चिंब राहिली की मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि बायकार्बोनेट आणखी वाढतं. पावसाळ्यात बाग जास्त पिवळी का पडते हे अण्णांना कोडं होतं, त्याचं कारण हे. पिवळेपणा दिसला की ते घाबरून पाणी वाढवत, तेही अंगाशी येत होतं.

निदान पक्कं करायला पानाची एक परीक्षा केली. पिवळ्या पानातलं एकूण लोह पुष्कळदा हिरव्या पानाइतकंच भरतं, त्यामुळे साध्या पृथक्करणाचा अहवाल फसवतो. १९८० साली कट्याल आणि शर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी ताज्या पानातलं फक्त फेरस मोजायची रीत दिली: ऑर्थोफिनॅन्थ्रोलिन हा पदार्थ दोन धनभारांच्या लोहाशी नारिंगी-लाल रंग देतो, तीन धनभारांच्या लोहाशी देत नाही. आम्ही दोन्ही पानांचे बारीक तुकडे करून कॉलेजच्या प्रयोगशाळेत रात्रभर द्रावणात ठेवले. सकाळी हिरव्या पानाच्या नळीत नारिंगी रंग स्पष्ट भरलेला, पिवळ्याच्या नळीत पाण्यात किंचित केशर टाकावं एवढाच. अण्णांच्या मुलाने दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदापुढे धरून कितीतरी वेळ पाहिल्या. आयनावरचा भार डोळ्यांना दिसावा, याहून चांगला तास मी घेतलेला नाही.

उपायात सर्वांत आधी एक उपाय बाद केला. गंधक टाकून सामू खाली आणा, असा सल्ला सर्रास दिला जातो. शंभर किलो चुना निकामी करायला ३२ किलो गंधक लागतं. १२ टक्के चुना म्हणजे एकरी वरच्या थरात शंभर टनांच्या वर चुनखडी, म्हणजे तीस टनांहून जास्त गंधक. सगळं रान बदलणं शक्य नाही. बदलता येते ती मुळाजवळची थोडी जागा आणि लोह देण्याची पद्धत.

तातडीचा उपाय पानावरून. शंभर लिटर पाण्यात आधी १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ते विरघळल्यावर ५०० ग्रॅम हिराकस. हा क्रम उलटा झाला तर टाकीतच गाळ धरतो. पाणी विहिरीचं घेतलं, कारण बोअरपेक्षा ते सौम्य निघालं, आणि सामूच्या पट्टीवर आम्लधर्म पाहूनच फवारलं. उन्ह उतरल्यावर, आधी दोन-चार फांद्यांवर, पान करपत नाही हे बघून. आठवड्याभरात पानांवर हिरवे ठिपके उठले. जिथे थेंब पडला तिथेच हिरवं, बाजूला पिवळं तसंच. अण्णा हिरमुसले, पण निदान बरोबर असल्याचा याहून नेमका पुरावा नव्हता: लोह मिळालं तिथे पान हिरवं झालं, आणि ते लोह तिथून हललं नाही. म्हणून फवारणी प्रत्येक नवतीला परत करावी लागते.

जमिनीतून द्यायला चिलेटेड लोह घेतलं, पण दुकानात जे हाताला लागेल ते नव्हे. चिलेटचा रेणू लोहाला चहूबाजूंनी पकडतो आणि हायड्रॉक्साइडच्या हाती लागू देत नाही. चिलेटांपैकी ईडीटीएची पकड सामू साडेसहाच्या पुढे ढिली पडते, चुनखडीतलं कॅल्शियम लोहाला हुसकून त्याची जागा घेतं. डीटीपीए साडेसातपर्यंत तग धरतं. या रानात टिकणारं म्हणजे ईडीडीएचए. पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. महाग आहे, म्हणून ते सगळ्या बागेला न देता सर्वांत पिवळ्या ओळींना, ड्रिपखालच्या ओल्या जागेत, नवती फुटायच्या बेताला दिलं. त्यातलं लोह फेरिकच असतं. इलेक्ट्रॉन देण्याचं काम मुळालाच करावं लागतं. चिलेट फक्त लोह विरघळलेलं ठेवून मुळाच्या दारात आणतं. म्हणून सोबतीला पाणी कमी करणं तेवढंच महत्त्वाचं होतं. दोन पाळ्यांत अंतर वाढवलं, वाफसा येऊ दिला, आळ्यातलं साचणारं पाणी चर काढून बाहेर काढलं. उरलेलं हिराकस शेणखतात मुरवून आळ्यात एका बाजूला खड्डा करून दिलं, मातीत पसरलं नाही.

खालच्या तुकड्यातली झाडं सावरली. आंबे बहाराची (आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुलणाऱ्या बहाराची) नवती फुटली ती हिरवी, फळ टिकलं. मधल्या ओळींत फरक आहे, पण पावसाळा लांबला की शेंडे पुन्हा फिकट होतात आणि फवारा घ्यावा लागतो. वरच्या माळाच्या तुकड्यात मात्र यश आलं नाही. तिथे दीड फुटावर चुनखडीचा पांढरा थर लागतो, मुळं त्यातच अडकलेली आहेत, आणि दरवर्षी ईडीडीएचए देण्याएवढी मिळकत ती झाडं देत नाहीत. त्या ओळी काढाव्यात असं मी स्पष्ट सांगितलं. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं, अण्णांना ते जड गेलं. शेवटी त्यांनी सगळ्यात वाईट दोन ओळी काढल्या आणि तिथे सीताफळाचे खड्डे घेतले. बाकीच्या ओळी पुढच्या आंबे बहाराचा हिशेब पाहून ठरवायच्या आहेत. खड्डे घेताना मुलाने प्रत्येक खड्ड्याची फूट-फूट खोलीची माती वेगळी काढली आणि आम्लाचा थेंब टाकून कुठे किती फसफसतं ते वहीत मांडून ठेवलं.